बाद ठरलेल्या बाईचे नियम

हेल्मेटच्या बाबतीत घासाघीस करू नका. पहिल्यांदा शर्यतीत उतरणाऱ्याला मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण हे मीच केलं होतं.

सायकल मी बदली होऊन चाललेल्या एका बँकेच्या साहेबांकडून घेतली. निळी, गिअरची, दोन वर्षं वापरलेली. बदली झालेल्या माणसाला सामान हलकं करायची घाई असते, एवढं बाजाराने मला शिकवलं आहे. तीन संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पहिल्या दिवशी चेन बघून तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी टायर दाबून उसासा टाकला. तिसऱ्या दिवशी चहा घेतला आणि उठून चपला घालायला लागले. दुसरा पाय चपलेत जायच्या आत सौदा झाला, वर हेल्मेट फुकट. पण साहेबांचं डोकं मोठं आणि माझं लहान. ते हेल्मेट माझ्या डोक्यावर भाकरीच्या टोपलीसारखं डोलायचं. खड्डा आला की डोळ्यांवर यायचं. शेवटी नवं घ्यावंच लागलं, आणि दुकानदाराने सांगितला तो भाव मी मुकाट्याने दिला. गावात ही गोष्ट अजून कुणाला खरी वाटत नाही.

मी मिरचीतली बाई आहे. नंदुरबारला मिरची बघायला लांबून लोक येतात, पण ती वाळते कुठे हे फारसं कुणी विचारत नाही. शहराबाहेर मोकळ्या जमिनी आहेत, त्यांना आम्ही पथारी म्हणतो. ओली लाल मिरची तिथे पसरायची, उलटीपालटी करायची, वाळली की बायकांनी बसून देठ खुडायचे. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या पथारीवर देठ खुडायला बसले. आज तळोद्याच्या रस्त्याला माझी स्वतःची पथारी आहे. मधल्या तीस वर्षांत मला कुणी काही सोडलं नाही आणि मीही कुणाला काही सोडलं नाही. शेतकरी मूठभर मिरची पुढे करतो तेव्हा मी एक मोडते, कानाशी नेते, बी बघते आणि भाव सांगते. भाव पटला नाही तर तो शिव्या देतो, मीही देते, आणि मग सौदा होतो. भांडल्याशिवाय झालेल्या सौद्यावर माझा विश्वास नाही.

त्या भांडणांनी रक्तदाब वाढला, असं डॉक्टरांचं म्हणणं. हे डॉक्टर आमच्याकडच्या सायकलवाल्या मंडळींचे पुढारी. त्यांनी चालायला सांगितलं, मी चालले. पथारीला फेऱ्या मारता मारता कधी पळायला लागले ते कळलं नाही. मग या मंडळींनी थंडीत शर्यत भरवायची ठरवली. पोहणं, सायकल आणि धावणं असं तिन्ही असलं की ती ट्रायथलॉन. पोहायला आमच्याकडे तापी, ती शहरापासून लांब, आणि तिच्यात शर्यत लावायला परवानगी कोण देणार? म्हणून पोहणं काढून टाकलं आणि ड्युएथलॉन ठेवली. आधी पाच किलोमीटर धावायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पुन्हा अडीच किलोमीटर धावायचं. सगळं मिळून सव्वादोन तासांत.

मी फॉर्म मागायला गेले तर डॉक्टर हसून म्हणाले, "काकू, तुमच्यासाठी तीन किलोमीटरची गंमत-दौड आहे ना. त्यातही टी-शर्ट मिळतो."

"टी-शर्ट माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "मोठीचा फॉर्म द्या."

घरी मालक वेगळेच. ते तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप चालवतात. सकाळी मला पळताना बघून त्यांनी जीप हळू केली, खिडकीतून डोकं काढलं आणि चार माणसांदेखत ओरडले, "कसाले पयी ऱ्हायनी वं? तुन्हा मांगे कोनी लागेल शे का?"

"तुम्हीच लागेल शेतस," मी म्हटलं. जीपमधली माणसं हसली. मालक नाही हसले.

गेल्या वर्षीची ती शर्यत मी पुरी केली. तरी यादीत माझ्या नंबरापुढे "बाद" असं लिहिलेलं आहे. हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही.

पहिलं धावणं चांगलं झालं. इथे नवी माणसं हमखास चुकतात. सुटल्याबरोबर असे पळतात की पाठीमागे बैल लागला आहे. मी बाजारातली आहे, पहिल्याच बोलीला सगळं ओतायचं नसतं हे मला कुणी शिकवायला नको. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. सायकली लावलेल्या मैदानात आले. तिथे प्रत्येकाला नंबराची जागा असते. आपल्या जागेखाली मी गोणपाटाचा तुकडा अंथरला होता, म्हणजे घाईत शोधायला नको. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. सायकल हातात धरून रेषेपर्यंत चालत जायचं आणि रेषेच्या पलीकडे बसायचं. परत आल्यावर रेषेच्या अलीकडे उतरायचं, सायकल जागेवर लावायची, आणि तोवर पट्टा सोडायचा नाही. हे सगळं मी बरोबर केलं.

परतताना माझ्या पथारीशी चढ आहे. चढ सुरू झाल्यावर, पायात जोर असताना मी गिअर बदलला. तो चढाच्या आधी बदलायचा असतो. चेन उतरली. मी रस्त्याच्या कडेला खाली वाकले, आणि माझ्या बायका धावल्या.

आता हे नीट समजून घ्या. पथारीवर ढग दिसला की कुणाची मिरची आहे हे कुणी विचारत नाही. शेजारच्या पथारीवरच्या बायका धावतात, रस्त्यावरचा रिक्षावाला थांबतो, ज्याच्याशी काल भांडण झालं तोही ताडपत्रीचं टोक धरतो. जीप रुतली की पन्नास हात लागतात. वाकलेल्या माणसाला हात द्यायचा नाही, ही गोष्ट आमच्याकडे कुणी कुणाला शिकवलेलीच नाही. चौघी आल्या. माझी मुकादमीण सगळ्यांच्या पुढे. एकीने चेन बसवली, दोघींनी मागून ढकललं, मुकादमीण चढ संपेपर्यंत सीट धरून पळाली. मी हसत होते. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मागे मोटारसायकलवर पंच होते. ते इथल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. त्यांनी वहीत माझा नंबर लिहिला. बाहेरची मदत घेतली म्हणून बाद.

नियम असेल तर असेल. पण त्याच सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सायकल जिथून वळते त्या वळणाच्या थोडं पुढे डॉक्टरांच्या बायकोने गाडी लावली होती. डॉक्टर आले, पाय टेकला, बायकोने गार बाटली हातात दिली, सोललेलं केळं दिलं, पाठीवर थाप दिली. तीही बाहेरचीच मदत. डॉक्टर त्यांच्या वयोगटात तिसरे आले आणि गळ्यात पदक घालून फोटो काढत होते.

मी सरांना गाठलं. "त्यांचं काय?"

"मी पाहिलं ते लिहिलं, काकू. जे पाहिलं नाही ते कसं लिहू?"

"मी पाहिलं ना!"

"तुम्ही पंच नाही."

मग मी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मैदानाच्या त्या टोकाला गरम पोहे खाणाऱ्यांनी ताटल्या खाली ठेवल्या एवढंच सांगते. पाऊण तास बोलले. आणि दमून पाणी प्यायला थांबले तेव्हा निकालाच्या टेबलावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "काकू, तक्रार लेखी द्यायची असते. यादी लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. ती वेळ गेली."

तो दिवस मी विसरलेले नाही. बाजारात तोंड चालतं. इथे कागद चालतो. तुम्हाला शर्यतीत कुणाविरुद्ध काही म्हणायचं असेल तर आधी लिहा, मग ओरडा. मी उलटं केलं, आणि डॉक्टरांचं पदक त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लागलं. दर महिन्याला रक्तदाब मोजून घ्यायला मी त्याच्याच खाली बसते. डॉक्टर म्हणतात, आकडा खाली का येत नाही कळत नाही.

या वर्षी फॉर्म भरताना मी सही करायला नकार दिला. फॉर्मखाली लिहिलं होतं की मी सगळे नियम वाचले आहेत आणि ते मला मान्य आहेत. नियम इंग्रजीत. माझं शिक्षण सातवी, ते मराठीत. टेबलावरचा माणूस म्हणाला, सगळे अशीच सही करतात. मी म्हटलं, वजन न बघता काट्याच्या पावतीवर सही करणारी बाई मी नाही. मराठीत द्या, नाहीतर मी इथेच बसते. माझ्यामागे रांग लागली. मी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि खायला लागले. अर्ध्या तासाने डॉक्टर आले, त्यांनी सरांना फोन केला, आणि चार दिवसांनी दोन पानी मराठी नियम आले. सरांनी स्वतः लिहिले होते, शाळेतल्या सुविचारासारख्या वळणदार अक्षरात. आता ते सगळ्यांना वाटतात. वरती माझं नाव नाही. नसू दे. ते नियम कुणामुळे आले ते त्या रांगेतल्यांना माहीत आहे.

ते मी इतके वाचले की घडीवर कागद फाटला. कानात गाणी लावायची नाहीत. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा नाही, अंतर ठेवायचं, नाहीतर पुढे निघून जायचं. हा मला फार आवडला, कारण बाजारात दुसऱ्याच्या बोलीमागे लपणारे व्यापारी मला आवडत नाहीत. नंबर सायकलवर पाठीला आणि धावताना पोटावर. मोकळी ओढणी नको, ती चेनमध्ये जाते. रिकामी बाटली रस्त्यावर टाकायची नाही. पाणी घ्यायचं ते फक्त शर्यतीच्या टेबलांवरून. सायकलच्या वाटेत असं टेबल एकच, दहा किलोमीटरच्या वळणावर. चेन उतरली तर स्वतः बसवायची. ती मी रोज संध्याकाळी पथारीवर मुद्दाम पाडून बसवायचे. बायका देठ खुडता खुडता आकडे मोजायच्या. दिवाळीपर्यंत मी विसाच्या आत यायला लागले.

मग त्यांना शिकवलं. ते चेनपेक्षा अवघड गेलं.

"शर्यतीच्या दिवशी मला काहीही झालं तरी हात लावायचा नाही," मी सांगितलं.

"पडनी तरी?" मुकादमिणीने विचारलं.

"पडले तरी."

"मरनी तरी?"

"मेले तर लावा."

त्यातूनही भरवसा नको म्हणून मी सांगितलं की सायकली येताना सगळ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. मुकादमीण माझ्यासोबत पंधरा वर्षं आहे. ती म्हणाली, "माय वं! देवापुढे भी आम्ही हात पुढेच जोडतस."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सूचना सांगायला सगळ्यांना मैदानात बसवतात. कुणाला काही विचारायचं आहे का, असं सरांनी म्हटलं. मी उभी राहिले. डॉक्टर पहिल्या रांगेत, शेजारी त्यांच्या बायको.

"रस्त्यात घरच्या माणसाने बाटली दिली, तर ती मदत की प्रेम?"

लोक हसले. सर खाली कागदाकडे बघत म्हणाले, "मदतच. नियम सगळ्यांना सारखा."

"कागदावर तसं आहे. मी रस्त्यावरचं विचारते."

डॉक्टरांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले. त्यांच्या बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला.

आता चूक सांगते. या वर्षीची. नियम पाळताना केलेली.

नवख्यांना सगळेच सांगतात की शर्यतीच्या दिवशी नवं काही वापरू नका. नवे बूट, नवे मोजे, नवं खाणं, काही नाही. बरोबर आहे. म्हणून थंडीसाठी तोंडाला बांधायला मी माझं सगळ्यात जुनं फडकं घेतलं. पथारीवर नाकातोंडाला बांधते ते. तीन पाण्यातून काढलं होतं, उन्हात वाळवलं होतं. पण तीस वर्षं मिरचीत राहूनही मी विसरले की मिरची कापडातून जात नाही. कोरडं असेपर्यंत ते गप्प राहतं. ओलं झालं की बोलतं.

या वेळी धावणं नेहमीसारखं झालं. सायकलवर वारा पाठीचा मिळाला. वळणावर टेबलाजवळ पोचले तेव्हा माझी बाटली रिकामी होती. ती भरून घ्यायला थांबावं की नाही, एवढा विचार केला आणि अर्धं मिनिट वाचवायला थांबले नाही. ही माझी दुसरी चूक. त्याच ठिकाणी डॉक्टरांच्या बायकोची गाडी नव्हती. मी चांगलं दोन्हीकडे बघून घेतलं.

पथारीचा चढ आला. चढाच्या आधी गिअर बदलला. चेन जागेवर राहिली. वर बायका ओळीने उभ्या, हात मागे, मधे मुकादमीण. त्यांच्या मागे लाल मिरची पसरलेली. मला इतका अभिमान वाटला की मी तोंडावरचं घामाने भिजलेलं फडकं खाली ओढलं, आणि ओढता ओढता त्यानेच कपाळ आणि डोळे पुसले.

पहिल्या क्षणी काही नाही. मग दोन्ही डोळ्यांत निखारे. मला रस्ता दिसेना. ब्रेक दाबले, कशीबशी पाय टेकून उभी राहिले. सायकल सोडली नाही. डोळे उघडायचा प्रयत्न केला की आणखी आग.

"काय व्हयनं? काय व्हयनं?" बायकांचा गलका झाला.

"मिरची," मी म्हटलं.

मिरची डोळ्यात जाणं म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मग पावलं धावल्याचा आवाज आला आणि हंडा उचलल्याचा. गार पाणी हंड्यात हेलकावलं की जो आवाज होतो, तो मला चार हातांवरून ऐकू आला. आयुष्यात मला कुठल्याही वस्तूचा इतका मोह झालेला नाही.

"मागे!" मी ओरडले. "हात मागे!"

"अवं पानी शे फक्त!" मुकादमीण रडकुंडीला आली होती.

"मागे व्हा!"

मागून मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन बंद झालं. ओळखीचा आवाज आला. सर.

"काय झालं, काकू?"

"डोळ्यात मिरची गेली."

"पुढचं पाणी एकदम मैदानावर. चार किलोमीटर आहे." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, असं करू. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. तुम्ही डोळे धुवा. मी काही पाहिलेलं नाही."

चांगल्या मनाने म्हणाले असतील. पण माझ्या डोळ्यांपेक्षा डोकं जास्त पेटलं. म्हणजे गेल्या वर्षी डॉक्टरांची बाटली अशीच गेली तर. कुणी लबाडी केली नाही, कुणी लाच घेतली नाही. कुणीतरी भल्या मनाने तिकडे तोंड केलं.

"वळायचं नाही, सर," मी म्हटलं. "गेल्या वर्षी पाहिलंत ना? यंदाही पाहायचं. इकडेच तोंड करा आणि डोळे उघडे ठेवा. माझे बंद आहेत म्हणून तुमचे तरी उघडे पाहिजेत."

बुटांचा आवाज झाला नाही, म्हणजे सर वळले नाहीत.

वेळ जात होता. माझ्या हिशोबाने माझ्याकडे सात-आठ मिनिटं जास्तीची होती, आणि ती इथे उभ्या उभ्या वितळत होती. तेवढ्यात मुकादमीण ओरडली, "रड वं माय! रड! डोयास्ना पानीमा धुवाई जाई!"

बरोबर होतं. पथारीवर आम्ही नव्या बाईला हेच सांगतो. चोळू नको, रड. डोळ्यातलं पाणी आपलंच असतं, ते कुठल्या नियमाने बाहेरची मदत होत नाही. पण मला रडू येईना. राग आला की मला रडू येत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड. मिरचीचं पाणी येत होतं, ते पुरत नव्हतं.

"डॉक्टरनी बाटली आठव!" एकजण ओरडली.

"त्याने राग येतो!" मी ओरडले.

"तुन्ही पहिली सासू आठव!"

"सासू एकच होती!"

"मंग तीच आठव!"

आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायका हात मागे बांधूनच हसत होत्या, शिव्या घालत होत्या, एक तर चक्क माझ्या नावाने ऊर बडवल्यासारखं गळा काढून रडत होती, म्हणजे मला लागण व्हावी. कुणीतरी म्हणालं, "सर, बोलनं चालस ना? आमना हात बांधेल शेतस, तोंड नही!"

"बोलायला हरकत नाही," सर म्हणाले. त्यांचाही आवाज हलत होता.

डावा डोळा आधी उघडला. धुरकट, पण रस्ता दिसला. उजवा तसाच मिटून ठेवला. एका डोळ्याने सायकल चालवायची नाही असा कुठेही नियम नाही, मी दोन्ही पानं पाठ केली आहेत. फडकं कंबरेला खोचलं, कारण रस्त्यावर काही टाकायचं नाही, आणि निघाले.

मैदानात रेषेच्या अलीकडे उतरले. सायकल जागेवर लावली. गोणपाट एका डोळ्यानेही दिसलं. मग पट्टा सोडला. तिथलं पाण्याचं टेबल धावायच्या वाटेवर होतं, तिथे दोन पेले थेट डोळ्यांवर मारले. तेवढ्याने आग थांबत नाही, पण बरं वाटलं.

सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय आपले राहत नाहीत, हे कुणी आधी सांगितलं तरी कळत नाही. मालक डोंगरातल्या काठी गावच्या होळीला माणसं नेतात. रात्रभर नाचून सकाळी ती जीपकडे चालत येतात तेव्हा त्यांचे पाय एका गावाचे आणि कंबर दुसऱ्या गावची असते. तसंच. थांबायचं नाही, लहान पावलं टाकायची, दहा मिनिटांत पाय परत येतात. आधी चार-पाच वेळा सायकलनंतर लगेच धावून बघितलेलं असेल तर निम्मी भीती जाते.

शेवटच्या वळणावर मालक जीप लावून उभे होते. बोनेटवर बसलेले. मी जवळ आले तसे उतरले, खिशातून रुमाल काढला, हात पुढे केला, मग काय आठवलं कोण जाणे, रुमाल परत खिशात घातला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पय," ते म्हणाले. "आते पय. आते खरंच मांगे लागेल शे."

मागे शर्यत गुंडाळणारी गाडी येत होती, रस्त्यातले शंकू उचलत.

मी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात सव्वादोन तासांना चाळीस सेकंद बाकी होते.

मला वाटलं आता कुणीतरी टाळ्या वाजवेल. त्याआधी लोडिंग रिक्षा मैदानात शिरली. मागे माझ्या पाच बायका उभ्या, आणि मधे तोच हंडा, झाकण लावून. अर्धं पाणी रस्त्यात सांडलं असावं, साड्या भिजल्या होत्या. मुकादमीण खाली उतरली, पण माझ्याकडे आली नाही. आधी सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, आते चाली का?"

सरांनी घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आता चालेल."

उरलेला हंडा तिने माझ्या डोक्यावर पालथा केला. त्या थंडीत. मी तिला सगळ्यांदेखत शिवी दिली आणि तिच्याच पदराला डोळे पुसले. तिच्या पदरालाही मिरची होती. पुन्हा आग. पण आता पाणी होतं.

डॉक्टर धावत आले. "काकू, इकडे बघा, माझ्याकडे थेंब आहेत, घालतो."

"यादी लागल्यावर," मी म्हटलं.

"अहो, शर्यत संपली!"

"यादी लागल्यावर."

यादी लागली. सगळ्यात तळाशी माझा नंबर, पुढे वेळ, आणि त्यापुढे काही नाही. मी बोट ठेवून दोनदा वाचलं. मग टेबलावरून कोरा कागद आणि पेन मागून घेतलं, यादीशेजारी खुर्ची ओढली आणि बसले. ओल्या कपड्यांनी, सुजलेल्या डोळ्यांनी, पुरा अर्धा तास. कुणाला माझ्याविरुद्ध काही द्यायचं असेल तर मी समोर असावं, म्हणून. आणि कोरा कागद सगळ्यांना दिसावा म्हणूनही.

डॉक्टर त्यांचा नंबर बघायला आले. ते यंदा पाचवे होते. त्यांच्या बायकोच्या हातात बाटली होती, तिचं सील तोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी यादीकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे.

"माझ्याविरुद्ध काही, काकू?"

"यंदा नाही," मी म्हटलं आणि डोळे त्यांच्यासमोर वर केले, थेंब घालायला. "गेल्या वर्षीचं आहेच."